बर्फाचें गिरमिट

(घरोघरचीं यंत्रें)

गेल्या अंकीं शिवणयंत्राच्या तेलपाण्याविषयीं लिहितांना पुढील खेपेस विहिरीवरील पंपाकडे वळूं, असें आम्हीं कबूल केलें होतें. परंतु मध्यंतरीं एका भगिनीचें पत्र आलें, आणि पंपास एक महिना थांबविणें भाग पडलें. या बाईंचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत असतात. रविवारच्या संभाषणांत त्यांनीं सहज सांगितलें, कीं यंदा बर्फांत भोंक पाडण्याचें यंत्र घ्यावयाचें आहे. गोठलेल्या सरोवरावर बसून मासे धरण्याचा बेत आहे. तेव्हांपासून मातोश्रींस झोंप नाहीं. त्यांचे प्रश्न तीन: यंत्र कोणतें घ्यावें, घेतल्यावर तें कसें राखावें, आणि ज्या बर्फावर उभें राहावयाचें त्यालाच भोंक पाडणें हें शहाणपणाचें आहे काय? शेवटच्या प्रश्नांत फांदीवर बसून तीच फांदी तोडणाऱ्याची आठवण आहे, हें उघड आहे. घरीं सासरे, दीर, जावा मिळून चौदा माणसें असून चौदाही जणांचें मत यंत्र घेऊं नये असेंच आहे, हेंही त्यांनीं कळविलें आहे.

या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार एका हिवाळ्याचा. सन २०१९ च्या जानेवारींत आम्ही उभयतां त्याच संस्थानांत आमच्या थोरल्या चिरंजीवांकडे होतों. शाळेंतून निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. त्या महिन्याच्या अखेरीस मिनीआपोलिस शहरीं पारा शून्याखालीं ३३ अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरला, आणि खिडकीच्या कांचेला लागलेला आमचा श्वास आंतल्या बाजूनें गोठला. अशा हवेंत माणसें घरांत बसतील अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षांत तीं शेकडोंनीं सरोवरांवर जाऊन बसलीं होतीं.

मासे धरण्याच्या गोष्टीनें ज्यांचें मन कचरेल त्यांस एवढेंच सांगतों, कीं आमच्याही घरीं मत्स्याहार नाहीं. (कोंकणांतील व गोमंतकांतील आमच्या सारस्वत वाचकांस हा खुलासा नको, ते उलट माशाची चव विचारतील.) चिरंजीव धरलेला मासा बहुधा पुन्हां पाण्यांत सोडतात. मग एवढा खटाटोप कशास, असें आम्हीं पहिल्या रविवारीं विचारलें. तिसऱ्या रविवारीं विचारणें सोडून दिलें. डिसेंबरांत जेथें सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि शेजाऱ्याचें दर्शन एप्रिलपर्यंत घडत नाहीं, तेथें मुलाला शेजारीं घेऊन तीन तास स्वस्थ बसण्याची ती एक सोय आहे, हें आमच्या ध्यानीं आलें.

मिनेसोटाच्या मोटारींच्या पाट्यांवर ‘दहा हजार सरोवरें’ असें लिहिलेलें असतें. दहा एकरांहून मोठीं सरोवरें मोजलीं तर तीं ११,८४२ भरतात. तेव्हां पाटीवरचा मजकूर विनयाचाच म्हणावा लागेल. हीं सरोवरें वरून गोठतात, तळापासून नव्हे. पाणी ४ अंश सेंटिग्रेडला सर्वांत जड असतें. त्याहून थंड झालेलें पाणी हलकें होऊन वर राहतें आणि तेंच प्रथम गोठतें. बर्फाचें वजन पाण्याच्या ०.९१७ पट, म्हणून तो तरंगतो. त्या छपराखालीं पाणी द्रवरूप राहतें, आणि मासे मंद गतीनें कां होईना, जगतात व खातात. छपरांतून गळ सोडावयाचा तर छपराला भोंक हवें.

या यंत्राला आम्हीं प्रथम ‘हिमवेधिनी’ असें भारदस्त नांव दिलें होतें. गांवीं परतल्यावर आमच्या आळींतील सुताराला छायाचित्र दाखविलें. तो म्हणाला, “मास्तर, हें तर गिरमिट!” आणि तेंच खरें. (फिजी-मॉरिशसला गेलेल्या मजुरांच्या तोंडचें ‘गिरमिट’ हें करारवाचक इंग्रजी शब्दाचें रूप; त्याचा येथें संबंध नाहीं.) सुताराच्या गिरमिटाहून हें कमरेइतकें उंच, एवढाच मोठा फरक. मध्यें पोलादी किंवा प्लॅस्टिकचा दांडा, त्याभोंवतीं रुंद मळसूत्री पट्टी, तळाशीं मध्यें अणकुचीदार टोंक आणि त्याच्या दोहों बाजूंस दोन पातीं. पातीं बर्फ तासतात, मळसूत्र तो कीस वर आणून टाकतें. हें सर्व फिरवावयास माथ्यावर हाताची मूठ, पेट्रोलचें एंजिन, नाहीं तर बॅटरीची मोटार.

दुकानांत गेलें कीं विक्रेता मोटारीच्या बळापासून आरंभ करतो. आमच्या मतें पहिला प्रश्न व्यासाचा आहे. गिरमिटें बहुधा ६, ८ व १० इंच व्यासाचीं मिळतात. सहा इंची भोंकांतून ब्ल्यूगिल, क्रॅपी, पर्च असे तळहाताएवढे मासे निघतात. आठ इंची त्या प्रांतीं ज्याचा फार लौकिक आहे त्या वॉलाय माशाला पुरतें. मोठा नॉर्दर्न पाइक किंवा लेक ट्राउट यांसाठीं दहा इंची घेतात. नवशिक्याला वाटतें, मोठें घेतलें म्हणजे लहानही त्यांत आलें, दोन इंचांचा तो काय फरक! येथें आम्हीं नातवाला वहीपेन्सिल घेऊन बसविलें. तो तेव्हां नऊ वर्षांचा होता. बर्फाची जाडी दोन फूट धरली (भर हिवाळ्यांत ती नवलाची नव्हे), तर सहा इंची भोंकांतून सुमारें १० किलो बर्फ काढावा लागतो, आठ इंचींतून १८ किलो आणि दहा इंचींतून २८ किलो. भोंकाचें क्षेत्र व्यासाच्या वर्गाप्रमाणें वाढतें, हें शाळेंत घोकलेलें विधान त्या दिवशीं आम्हांस नव्यानें पटलें. शिवाय एका भोंकानें भागत नाहीं. मासे कोठें आहेत हें शोधीत माणूस दिवसांत पंधरा-वीस भोंकें पाडतो. वीस भोंकांचा हिशेब केला तर आठ इंचीचे ३६० किलो, दहा इंचीचे ५६०. हे दोनशें अधिक किलो बॅटरीनें किंवा पेट्रोलनें उपसावयाचे, आणि तेवढेंच जड यंत्र मनुष्यानें वाहावयाचें. आणखी एक गोष्ट: दहा इंची भोंकांत लहान मुलाचा पाय सहज जातो. सूनबाईंच्या दृष्टीनें वाद येथेंच संपला.

आतां फिरविणाऱ्या शक्तीचा विचार. हातगिरमिटाचें वजन तीन किलोंच्या आसपास, आवाज नाहीं, इंधन नाहीं. स्वीडनमधील मोरा या गांवाच्या नांवानें तीं प्रसिद्ध आहेत. बर्फ चार-सहा इंच जाड असेल तोंवर त्याच्यासारखें साधन नाहीं. दोन फुटांच्या बर्फांत मात्र तिसऱ्या भोंकाला खांदे उत्तर देतात. दुसरा मार्ग सुतारकामाच्या बॅटरी-ड्रिलला हलकें गिरमिट जोडण्याचा. सहा किंवा आठ इंचीसाठीं तो स्वस्त व सोयीचा आहे, परंतु ड्रिल दणकट हवें, तें सावकाश गतीच्या गिअरवर चालवावें आणि त्याची बाजूची मूठ काढूं नये. पातें बर्फांत अडकलें तर एका हातानें धरलेलें ड्रिल मनगट पिरगाळतें. शिवाय ड्रिलच्या पकडींतून गिरमिट सुटलें तर तें सरळ तळाशीं जातें, म्हणून दांड्यावर भोंकाहून रुंद चकती बसवितात. ही चकती चार पैशांची, पण विसरण्याजोगी नव्हे.

पेट्रोलचें यंत्र जुनें व जोरकस. वजन तेरा ते पंधरा किलो, आवाज मोठा, वास मोठा, मात्र कितीही थंडींत आणि कितीही भोंकांस पुरून उरतें. प्रोपेन वायूवर चालणारीं यंत्रेंही आहेत. त्यांत इंधन शिळें होण्याची भीति नाहीं, पण कडाक्याच्या थंडींत डब्यांतील वायूचा दाब उतरतो. शेवटचा प्रकार लिथियम बॅटरीचा. २०१० नंतरच्या वर्षांत त्यानें पेट्रोलची जागा झपाट्यानें घेतली. आठ इंची यंत्र सुमारें नऊ-दहा किलोंचें, कळ दाबली कीं चालू, आणि धूर नाहीं. स्ट्राइकमास्टर, जिफी, एस्किमो, आयन हीं नांवें तेथील दुकानांत नित्य दिसतात. एकाच नांवाचीं निरनिराळ्या शक्तीचीं यंत्रें असतात, तेव्हां नांव विचारून भागत नाहीं. धूर नाहीं, या दोन शब्दांवर आम्ही थोडें थांबणार आहों.

आमच्या चिरंजीवांनीं पहिलें यंत्र जुनें घेतलें होतें: दहा इंची, पेट्रोलचें, पंधरा किलोंचें. विकणारा गृहस्थ सहा फूट उंच व रुंद छातीचा. आमचे चिरंजीव आमच्यासारखेच काटकुळे. जानेवारीच्या मध्यास एका शनिवारीं आम्ही तिघे, म्हणजे चिरंजीव, नातू व आम्ही, मिल लॅक्स सरोवरावर गेलों. यंत्र चालू होईना. दोरी ओढून ओढून चिरंजीवांस त्या थंडींत घाम फुटला. कारण पुढें कळलें तें साधें होतें. टांकींत गेल्या हिवाळ्याचें पेट्रोल तसेंच राहिलें होतें. तिकडील पेट्रोलांत बहुधा दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. (आपल्याकडेही आतां इथेनॉल मिसळतात, ज्यांची स्कूटर महिनेमहिने उभी असते त्यांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें.) इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें, आणि पेट्रोल शिळें झालें कीं त्याचा चिकट साका कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. वारा असा होता, कीं हातमोजा काढला तर बोटें लांकडासारखीं होत. म्हणून चिरंजीवांनीं यंत्र आम्हीं बसावयास उभारलेल्या कापडी तंबूंत आणलें, दाराची चेन ओढून घेतली, स्पार्क प्लग काढून पुसला, आणि दोरी ओढली. यंत्र चालू झालें. आम्हीं टाळ्या वाजविल्या. तें पुन्हां बंद पडूं नये म्हणून चिरंजीवांनीं तें तसेंच थोडा वेळ चालूं दिलें. किती वेळ, याबद्दल आम्हां बापलेकांत अद्याप मतभेद आहे.

नातू म्हणाला, “आजोबा, डोकं दुखतंय.” आम्हांस वाटलें, थंडी लागली. आम्हीं त्याला आपल्या शालींत घेतला. आमचेंही डोकें जड झालें होतें, तें आम्हीं धुराच्या वासाला लावलें. इतक्यांत शेजारच्या तंबूंतील एका वृद्ध गृहस्थानें बाहेरून दार उघडून यंत्र बंद केलें आणि मुलाला दंडाला धरून मोकळ्या हवेंत नेलें. तो काय ओरडत होता तें आम्हांस कळलें नाहीं. चिरंजीवांचा चेहरा पाहून कळलें.

एंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा वायु असतो. त्याला वास नाहीं, रंग नाहीं. रक्तांतील ज्या द्रव्यानें प्राणवायु वाहून न्यावयाचा, त्या हिमोग्लोबिनशीं हा वायु प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पट घट्टपणें जडतो. मग फुप्फुसांत हवा जाते, पण शरीराला प्राणवायु पोंचत नाहीं. प्रथम डोकें दुखतें, मळमळतें, मग गुंगी येते; आणि गुंगी आलेला मनुष्य उठून दार उघडीत नाहीं. त्या दिवशीं दवाखान्यांत तिघांनाही तोंडावर मुखवटा लावून प्राणवायु दिला, आणि संध्याकाळीं घरीं जाऊं दिलें. सूनबाईंनीं दोन दिवस आम्हां बापलेकांशीं कामापुरतेंच भाषण ठेवलें. आम्हांस त्याचें वाईट वाटलें नाहीं. पस्तीस वर्षें आम्ही दर थंडींत वर्गांत सांगत आलों, कीं पेटती शेगडी बंद खोलींत ठेवून निजूं नये. तंबू ही खोलीच आहे, हें त्या दुपारीं आम्हांस सुचलें नाहीं.

म्हणून पत्र पाठविणाऱ्या भगिनींस आमचें पहिलें सांगणें हें, कीं चिरंजीवांनीं पेट्रोलचें किंवा वायूचें यंत्र घेतलें तर तें उघड्यावर चालू करावें, उघड्यावर चालवावें आणि उघड्यावरच बंद करावें. भोंक पाडून मग त्यावर तंबू उभारावा. आणि बॅटरीचें यंत्र घेतलें तरी तंबूंत ऊब घेण्यासाठीं गॅसची शेगडी लावतातच; तिच्यापासूनही हा वायु निघतो. त्याची सूचना देणारी एक लहान घंटा मिळते. ती तंबूंत टांगावी, आणि वर एक झरोका उघडा ठेवावा.

पेट्रोलच्या यंत्राची देखभाल थोडक्यांत सांगतों. तें दोन-स्ट्रोक असेल तर पेट्रोलांत तेल मिसळावें लागतें. प्रमाण कोठें पन्नासास एक, कोठें चाळीसास एक. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेंत असेल तेंच खरें, शेजाऱ्याचें नव्हे. चार-स्ट्रोक असेल तर तेल निराळें भरावयाचें. तें थंडींत न घट्टणारें पातळ हवें, आणि यंत्र मोटारींत वाटेल तसें आडवें टाकूं नये, नाहीं तर तेल नको त्या ठिकाणीं शिरतें. हिवाळा संपतांच टांकी रिकामी करून आंतलें उरलेलें पेट्रोल संपेपर्यंत एंजिन चालवावें. इथेनॉलविरहित पेट्रोल मिळत असेल तर चार पैसे अधिक देऊन तेंच घ्यावें. हें सर्व जो मनुष्य नेमानें करील त्यानेंच पेट्रोलचें यंत्र घ्यावें. ज्याची सायकल वर्षानुवर्षें तेलावांचून चालते त्यानें घेऊं नये.

आमच्या चिरंजीवांनीं तें यंत्र पुढल्याच आठवड्यांत विकलें, घेणाऱ्यास सर्व हकीकत सांगून, आणि आठ इंची बॅटरीचें घेतलें. कांहीं शें डॉलर लागले. बॅटरीचे लाड निराळे असतात. थंडींत तिची शक्ति उतरते, म्हणून ती यंत्राला लावून उघड्या गाडींत न ठेवतां कोटाच्या आंत छातीशीं ठेवावी. आमच्या घरीं तिला मफलरांत गुंडाळून नेत, आणि आमच्या मंडळी तिला ‘बाळ’ म्हणत. शून्य अंशाखालीं बॅटरी भरावयास लावूं नये, त्यानें ती आंतून कायमची बिघडते. घरीं आणल्यावरही ताबडतोब लावूं नये. दोन-तीन तास खोलींत राहून ऊब आली म्हणजे लावावी. उन्हाळ्यांत ती पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवूं नये, निम्मी भरून थंड व कोरड्या जागीं ठेवावी. एका भरणींत अमुक भोंकें पडतात असे आंकडे खोक्यावर छापलेले असतात. ते नव्या पात्यांनीं आणि सोयीच्या हवेंत काढलेले असणार, हें ध्यानांत ठेवून त्यांतून तिसरा हिस्सा वजा करावा, असा आमचा आपला अंदाज आहे.

परंतु यंत्राचा खरा जीव मोटारींत नाहीं, पात्यांत आहे. बोथट पात्यांवर कितीही बळकट मोटार लावली तरी गिरमिट बर्फावर नुसतें घसरत फिरतें. आणि पातें बोथट करावयास एक क्षण पुरतो. फेब्रुवारींत चिरंजीवांनीं किनाऱ्याजवळ भोंक पाडलें. बर्फ दोन फूट होता आणि खालीं हातभरच पाणी. गिरमिट पार झालें तें थेट वाळूंत शिरलें. खर्र असा एकच आवाज झाला. त्यानंतरच्या भोंकाला पूर्वीच्या तिप्पट वेळ लागला. धारदार पात्याचा कीस खोबऱ्याच्या किसासारखा मोठा व खुटखुटीत निघतो. पातें गेलें कीं पिठासारखा चुरा येऊं लागतो आणि वरून दाब द्यावा लागतो. या खुणा दिसल्या कीं पातीं बदलावीं.

बदलावीं, असें आम्ही म्हणतों. धार लावावी, असें म्हणत नाहीं. याचें कारण आमचा स्वतःचा अनुभव. आम्हीं आयुष्यभर घरच्या विळीला धार लावली आहे, तेव्हां तीं दोन पातीं सोडवून आम्हीं दगडावर घांसलीं. हाताला धार उत्तम लागली. बर्फाला ती पसंत पडली नाहीं. या पात्यांचा कोन कारखान्यांत फार काटेकोर बसविलेला असतो. त्यांत किंचित् फरक पडला तरी पातें बर्फाला धरीत नाहीं, किंवा एक पातें धरतें आणि दुसरें सोडतें, मग गिरमिट थडथडत उड्या मारतें. ज्या कारागिराजवळ त्या कामाचें साधन आहे त्याच्याकडे पाठवावीं, नाहीं तर नवीं घ्यावीं. दोन्ही एकदम, आणि ज्या यंत्राचीं असतील त्याचींच. जादा जोडी व तिचा पाना खिशांत ठेवावा, कारण दुकान सरोवरापासून दूर असतें.

पात्यांचे प्रकार दोन. सपाट सुरीसारखीं पातीं नव्या स्वच्छ बर्फांत लोण्यासारखीं जातात, पण जुनें, अर्धवट गोठलेलें भोंक पुन्हां उघडावयास गेलें कीं कडेला अडकून झटका देतात. दातेरी पातीं हळू चालतात, पण मळका बर्फ व जुनीं भोंकें यांस भीत नाहींत. सपाट पात्यांच्या मालकानें जुन्या भोंकाचा मोह सोडून दीड हात अंतरावर नवें पाडावें. झटका कसाही येऊं शकतो, तेव्हां पाय रुंद ठेवून, दोन्ही हातांनीं धरून, गळ्याभोंवतींचा मफलर कोटाच्या आंत खोंचून उभें राहावें. मुलांनीं चार हात दूर.

भोंक झालें कीं दांड्यावर ओला चुरा चिकटून गोठतो. तो झाडण्यासाठीं पुष्कळ लोक गिरमिट बर्फावर आपटतात. आम्हांस हें पाहून पाट्या आपटणारीं मुलें आठवत. आपटण्यानें पातीं ज्या बैठकीवर बसविलेलीं असतात ती वांकते, आणि मग नवीं पातीं घालूनही यंत्र पूर्वीसारखें चालत नाहीं. मालक पात्यांस दोष देत राहतो. त्यापेक्षां गिरमिट पाण्याबाहेर काढतांना क्षणभर हवेंत फिरवावें, चुरा आपोआप उडतो. घरीं आल्यावर पात्यांवरचें झांकण काढून ठेवावें. ओल्या पात्यांवर झांकण तसेंच राहिलें तर रात्रींत गंज धरतो. पातीं कोरड्या फडक्यानें पुसून तेलाचा पुसट हात द्यावा. हें काम त्या हिवाळ्यांत आमच्याकडे होतें. वर्तमानपत्र पसरून आम्ही रोज रात्रीं तें करीत असूं, आणि नातू झांकण घेऊन शेजारीं बसे.

राहिला तिसरा प्रश्न. अफाट पसरलेल्या बर्फांत आठ इंची भोंकानें तो फुटत नाहीं. ब्रेनर्ड गांवाजवळ गल लेक नांवाच्या सरोवरावर मासे धरण्याचा मोठा मेळा भरतो, तेव्हां एकाच उपसागरांत हजारो भोंकें पाडलेलीं असतात आणि त्यांवर हजारो माणसें उभीं असतात. धोका भोंकाचा नाहीं, जाडीचा आहे. आणि जाडी कळावयाची तर भोंक पाडूनच कळते. म्हणून फांदीची उपमा येथें लागू पडत नाहीं. मिनेसोटाच्या सरकारी खात्याचें सांगणें असें, कीं पायीं चालावयास निदान चार इंच स्वच्छ, पारदर्शक बर्फ हवा. दुधासारखा पांढरा, हिमाचा बनलेला बर्फ निम्म्याच बळाचा, तेव्हां त्याला दुप्पट जाडी. आणि कोणताही बर्फ पूर्ण निर्धोक नाहीं. मोटार न्यावयाची तर हिशेब फारच निराळा. एके ठिकाणीं आठ इंच भरला म्हणून पन्नास पावलांवर तितकाच असेल असें नाहीं. ओढ्याच्या मुखाशीं, पाण्याच्या ओघावर, हिमाच्या ढिगाखालीं तो पातळ राहतो. म्हणून पुढें जातांना ठिकठिकाणीं भोंक पाडून पट्टीनें मोजीत जावें. सन २०२३ च्या डिसेंबरांत हिवाळा अवेळीं ऊबदार होता; २९ तारखेस अप्पर रेड लेकवर बर्फाचा एक विस्तीर्ण तुकडा किनाऱ्यापासून सुटला, आणि त्यावरील शंभरांहून अधिक माणसांस सोडवून आणावें लागलें. त्यांच्याजवळ उत्तम यंत्रें असणार, यांत शंका नाहीं.

तेव्हां सदर भगिनींच्या चिरंजीवांनीं पहिल्या वर्षीं आठ इंची बॅटरीचें यंत्र घ्यावें, किंवा घरांत दणकट ड्रिल असेल तर त्याला सहा इंची गिरमिट जोडावें. बरोबर एक हातगिरमिट असावें, हंगामाच्या आरंभीं जाडी पाहण्यासाठीं. एकटें जाऊं नये. गळ्यांत दोन अणकुचीदार खुंट्या दोरीनें बांधलेल्या असाव्यात. बर्फांतून खालीं गेलेला मनुष्य त्या काठांत रोंवून वर येऊं शकतो. चौदा माणसांच्या घरांत या खुंट्यांचा उल्लेख मोठ्यानें वाचावा कीं नाहीं, हें त्यांनींच ठरवावें.

आमचा नातू आतां वडिलांहून उंच झाला आहे, आणि तें आठ इंची यंत्र तोच वाहतो. मागील हिवाळ्यांत त्याची बॅटरी बदलावी लागली. दांडा मूळचाच आहे. शनिवारीं रात्रीं फोन येतो तेव्हां मासे किती मिळाले हें तो सांगतो, आणि आम्ही पातीं पुसलीं काय, हें विचारतों. “पुसतोय, आजोबा,” असें उत्तर येतें. मागें वर्तमानपत्राचा आवाज ऐकूं येतो.

विहिरीवरच्या पंपाविषयीं ज्यांचीं पत्रें आलीं आहेत, त्यांनीं तळाच्या व्हॉल्व्हची मापें पुढील अंकापूर्वीं कळविल्यास बरें होईल.